पावसाचं वय आणि कन्व्होल्यूशनमधली उलटापालट

2024च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा समा भागात राहणारी माझी बहीण, तिची मुलगी आणि दोन बॅगा दांडियाबाजारात आमच्या वरच्या मजल्यावर येऊन राहिल्या. नदीची पातळी 35 फुटांच्या वर गेली होती. काला घोड्याच्या पुलाशी पाणी किती, हा एकच प्रश्न बडोद्यात सगळ्यांच्या तोंडी. दर तासाला कोणी ना कोणी ग्रुपवर आकडा टाकायचं, आणि मध्येच कुणाच्या सोसायटीत शिरलेल्या मगरीचा व्हिडिओ. पाऊस ओसरला तरी नदी उतरायचं नाव घेईना. आई खिडकीशी बसून म्हणाली, "आभाळ तर मोकळं झालंय. मग हे पाणी येतंय कुठून?"

भाची तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घर सोडताना तिने काय उचललं असेल तर सिग्नल्स अँड सिस्टिम्सचं गाइड. ते मांडीवर उघडं ठेवून तिने मला विचारलं, "मावशी, कन्व्होल्यूशन करताना सिग्नल उलटा का करायचा गं? सरांनी सांगितलं, फ्लिप करा, सरकवा, गुणा, बेरीज करा. जमतं मला. मार्कही मिळतील. पण उलटा का?"

हा विषय मी बरीच वर्षं शिकवला आहे आणि सुरुवातीची काही वर्षं 'फ्लिप करा, सरकवा' असंच शिकवलं आहे, हे आधी कबूल करते. त्या संध्याकाळी मात्र लक्षात आलं की आईचा प्रश्न आणि भाचीचा प्रश्न एकच आहे. पण तिथवर पोचण्याआधी दोन-चार शब्द नीट लावून घेऊ.

सिग्नल म्हणजे बदलणारी आणि बदलता बदलता काही सांगणारी कुठलीही गोष्ट. पुलाखालची पातळी हा सिग्नल. ईसीजीची रेघ, माइकच्या तारेतला व्होल्टेज, शेअरचा भाव, सगळे सिग्नल. बहुतेक सिग्नल काळाप्रमाणे बदलतात. फोटोत एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाताना उजेड बदलतो, म्हणून फोटोही सिग्नलच, फक्त तिथे काळाऐवजी जागा. नदी प्रत्येक क्षणी कुठल्या ना कुठल्या उंचीवर असतेच, मध्ये खंड नाही. हा कंटिन्युअस सिग्नल. तासातासाला ग्रुपवर येणारे आकडे हा डिस्क्रीट सिग्नल. नोंदी फार विरळ घेतल्या तर फसगत होते. गरब्याच्या व्हिडिओत रोषणाईचं चक्र उलटं फिरताना दिसतं ती अशीच फसगत. फ्रिक्वेन्सी म्हणजे सेकंदाला किती हेलकावे ते; सिग्नलमधल्या सर्वांत वेगवान फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त नोंदी हव्यात, असा नियम आहे. माणसाचा कान साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो म्हणून ऑडिओ सीडीवर सेकंदाला 44,100 नोंदी असतात. अशा नोंदी घेणं म्हणजे सॅम्पलिंग. त्याला इथे एवढ्यावरच सोडते, तो वेगळ्या बैठकीचा विषय आहे.

सिस्टिम म्हणजे एक सिग्नल घेऊन दुसरा देणारं काहीही. अँप्लिफायर ही सिस्टिम. पावागडापासून शहरापर्यंतची सगळी शेतं, ओढे, नाले मिळूनही एक सिस्टिमच: आत जातो पाऊस, बाहेर येते पातळी. कशीही वागणारी सिस्टिम समोर आली तर गणिताला फारसं काही बोलता येत नाही. पण दोन अटी पाळणाऱ्या सिस्टिम्सचं एक घराणं आहे आणि त्यांच्याबद्दल जवळजवळ सगळंच सांगता येतं. त्या अटींची नावं लिनिअर आणि टाइम-इन्व्हेरियंट.

लिनिअर म्हणजे काय? फक्त पावागडाकडे पाऊस झाला तर नदी अमुक चढते, फक्त वाघोडियाकडे झाला तर तमुक चढते. दोन्हीकडे एकदम झाला आणि चढ बरोबर अमुक अधिक तमुक निघाला, तर पहिली कसोटी पास. पाऊस दुप्पट केल्यावर चढही दुप्पट, ही दुसरी. दोन्हींत पास झाली तरच लिनिअर.

इथे परीक्षेत हमखास पडण्याचा एक खड्डा आहे. समजा रिक्षात बसल्याचे 20 रुपये आणि पुढे किलोमीटरला 15. दोन किलोमीटरचे झाले 50, चार किलोमीटरचे 80. अंतर दुप्पट झालं, भाडं दुप्पट म्हणजे 100 झालं नाही. आलेख काढला तर अगदी सरळ रेषा, तरी सिस्टिम लिनिअर नाही! वर्गात हे सांगितलं की निम्मे चेहरे माझ्यावर रुसतात. गोम त्या 20 रुपयांत आहे. नुसतं बसून लगेच उतरलात तरी ते द्यावेच लागतात, आणि लिनिअर सिस्टिम शून्य घेऊन शून्यच देते. (फरकापुरती रिक्षाही लिनिअर आहे: दोन किलोमीटर जादा म्हणजे 30 रुपये जादा, तुम्ही कुठूनही सुरुवात करा.)

दुसरा नमुना गणपतीत भेटतो. मंडळाचा साउंडवाला आवाज वाढवत नेतो, काही वेळ सगळं ठीक असतं, मग अँप्लिफायरची मर्यादा येते. त्यापुढे व्होल्टेज जाऊच शकत नाही, लाटेचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. छोट्या आवाजाला लिनिअर, मोठ्याला नाही.

टाइम-इन्व्हेरियंट म्हणजे सिस्टिमचा स्वभाव तारखेवर अवलंबून नाही. आज टाकलेल्या सिग्नलला ती जे देते तेच उद्या टाकलेल्याला देईल, फक्त एक दिवस उशिरा. ही अट लिनिअरपेक्षा वेगळी आहे. गाणं चालू असताना कोणी व्हॉल्यूमचं बटण सारखं फिरवत बसलं, तर दर क्षणी सिग्नलला नुसता एक आकडा गुणला जातोय. म्हणजे लिनिअर आहे. पण दहा वाजता वाजवलेलं गाणं आणि सव्वादहाला वाजवलेलं तेच गाणं वेगळं ऐकू येईल. म्हणजे टाइम-इन्व्हेरियंट नाही.

मग आपली नदी? जूनमध्ये जमीन तापून भेगाळलेली असते, पहिला इंचभर पाऊस ती पिऊन टाकते. ऑगस्टमध्ये तीच जमीन तुडुंब भरलेली असते, त्याच एका इंचातलं बरंचसं पाणी सरळ ओढ्याला लागतं. म्हणजे टाइम-इन्व्हेरियंट नाही. 31 जुलै 2019ला शहरात एका दिवसात 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला; एवढ्या पावसात पहिल्या शंभरातलं बरंच पाणी मुरतं आणि नंतरचं जवळपास सगळं वाहतं. म्हणजे लिनिअरही नाही. शिवाय वाटेत सयाजीराव महाराजांच्या काळातलं अजवा सरोवर. तिथून पाणी कधी आणि किती सुटणार, यात माणसांचे निर्णय आले.

भाची म्हणाली, "म्हणजे नदी नापास."

काटेकोर बघितलं तर सगळेच नापास. साधा रेझिस्टरसुद्धा तापला की बदलतो. इंजिनिअर सिस्टिम लिनिअर आहे असं धरून चालतो आणि ते कुठवर धरायचं याकडे एक डोळा ठेवतो. मधल्या पावसाळ्यातल्या मध्यम सरींपुरती नदी पास आहे. तेवढ्यावर आपलं काम भागतं.

आता एक खेळण्यातली नदी घेऊ. एकाच दिवशी एक इंच पाऊस पडला आणि पुढेमागे काहीच नाही. अशा वेळी ही नदी त्या दिवशी नेहमीपेक्षा 2 फूट चढते, दुसऱ्या दिवशी 3 फूट वर असते, तिसऱ्या दिवशी 1 फूट, चौथ्या दिवशी पूर्ववत. दुसऱ्या दिवशी जास्त का? डोंगराकडचं पाणी चालत यायला वेळ लागतो म्हणून. 2, 3, 1 ही या नदीची जन्मपत्रिका. पुस्तकात हिला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात: एकदाच टिचकी मारल्यावर सिस्टिम किती वेळ आणि कशी थरथरते ते.

सोमवारी 1 इंच पाऊस पडला, मंगळवारी 3 इंच, बुधवार-गुरुवार कोरडे. नदी रोज किती चढलेली असेल?

सोमवारी: आजच्या 1 इंचाचे 2 फूट. एकूण 2.

मंगळवारी: आजच्या 3 इंचांचे 3 × 2 = 6, त्यात कालच्या 1 इंचाचे 1 × 3 = 3. एकूण 9.

बुधवारी: आज शून्य. कालच्या 3 इंचांचे 3 × 3 = 9, परवाच्या 1 इंचाचा 1 × 1 = 1. एकूण 10.

गुरुवारी: परवाच्या 3 इंचांचे 3 × 1 = 3.

तर आकडे आले 2, 9, 10, 3. सगळ्यात वर नदी कधी? बुधवारी, जेव्हा थेंबही पडलेला नाही. आईला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. "म्हणजे कालचं येणं आज दारात," असं म्हणून ती चहा टाकायला उठली.

भाचीचं उत्तर बुधवारच्या ओळीत आहे. पाऊस कॅलेंडरच्या क्रमाने लिहा: सोमवार 1, मंगळवार 3, बुधवार 0. आता प्रत्येकाखाली त्याचा गुणक लिहा. सोमवारचा पाऊस दोन दिवसांचा म्हातारा झाला, त्याला 1. मंगळवारचा एक दिवसाचा, त्याला 3. बुधवारचा आजच जन्मलेला, त्याला 2. खालची ओळ झाली 1, 3, 2. पत्रिका होती 2, 3, 1. ती आपण मुद्दाम उलटी केली नाही, ती आपोआप उलटी पडली. कारण पत्रिका पावसाच्या वयाप्रमाणे लिहिली आहे आणि पाऊस जन्मतारखेप्रमाणे. जन्मतारीख जितकी आधीची, तितकं वय जास्त. घरात कोण मोठं हे बघताना रोज आपण हीच उलटापालट करतो, फक्त तिला फ्लिप म्हणत नाही.

सूत्रात हेच लिहायचं तर पाऊस क्ष, पातळी य आणि पत्रिका ह धरू:

य(न) = सगळ्या क साठी बेरीज [ क्ष(क) × ह(न − क) ]

न म्हणजे आज. क म्हणजे पाऊस पडला तो दिवस. आणि न − क? आज वजा जन्मदिवस, म्हणजे वय. ज्या उणे चिन्हापायी मुलं रात्र रात्र आकृत्या काढतात ते एवढंच आहे. 'सरकवा' म्हणतात तेही यातच आलं: उद्या उजाडलं की सगळ्यांचं वय एका दिवसाने वाढतं, गुणकांची ओळ एक घर पुढे जाते. कंटिन्युअस सिग्नल असेल तर दिवसांच्या जागी क्षण येतात आणि बेरजेच्या जागी इंटिग्रल. कल्पना तीच.

आपण नकळत दोन्ही अटी वापरल्या, हेही बघून ठेवा. सोमवारच्या आणि मंगळवारच्या पावसाला एकच पत्रिका लावली ती टाइम-इन्व्हेरियंट म्हणून. 3 इंचांना सरळ तिप्पट केलं आणि दोघांची वर्गणी एकत्र मोजली ती लिनिअर म्हणून. एक जरी अट मोडली तरी वरचा हिशेब कोलमडतो. म्हणूनच या घराण्याचे एवढे लाड. एक टिचकी मारून उत्तर टिपून घेतलं की पुढे कुठलाही सिग्नल येऊ दे, त्याचं उत्तर कागदावर निघतं.

भाचीला मी मग 231 गुणिले 13 करायला सांगितलं, चौथीत करतात तसं. फक्त अट एक, हातचा घ्यायचा नाही. 231 ला 3 ने गुणलं: 6, 9, 3. एक घर सरकवून 231 ला 1 ने गुणलं: 2, 3, 1. उभी बेरीज: 2, 9, 10, 3. तिने दोनदा बघितलं. नदीचे तेच आकडे. हातचा घेतला की 3003. कन्व्होल्यूशन आपण सगळे नऊ वर्षांचे असताना शिकलेलो असतो, पुढे कॉलेजात त्याला नाव मिळतं आणि भीती वाटायला लागते. पडताळाही यातूनच मिळतो. पत्रिकेची बेरीज 6, पावसाची 4, सहा चोक चोवीस; 2 + 9 + 10 + 3 = 24. परीक्षेत शेवटच्या मिनिटाला एवढं करून बघाच.

नदीचा दाखला मी उगाच ओढूनताणून आणलेला नाही. अमेरिकन इंजिनिअर शर्मन यांनी 1932 साली पाणलोट क्षेत्रासाठी नेमकी हीच रीत मांडली. सिव्हिलवाली मुलं ती युनिट हायड्रोग्राफ या नावाने शिकतात: एकक पावसाला नदी कशी उत्तर देते याचा आलेख, आणि मग सरकवून, गुणून बेरीज. एक दुरुस्ती तेवढी हवी. ते फूट मोजत नाहीत, सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहिलं ते मोजतात. पात्र वर रुंद होत जातं, त्यामुळे पाणी दुप्पट झालं म्हणून उंची दुप्पट होत नाही. मी फूट वापरले ते ग्रुपवर फुटांतच आकडे येतात म्हणून. आपल्या कलाभवनच्या आवारात, सयाजीरावांनी 1890 साली सुरू केलेल्या त्या संस्थेच्या जागी आज जी इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे तिथे, सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलची मुलं एकाच कँटीनमध्ये चहा पितात आणि आपण एकच धडा दोन नावांनी शिकतोय, याचा दोघांनाही पत्ता नसतो.

टिचकीची गोष्ट अजून थोडी बाकी आहे. मंगल कार्यालयात वऱ्हाड यायच्या आधी, सतरंज्याही अंथरलेल्या नसताना, मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी संपते पण हॉल बोलत राहतो. ते जे मागे रेंगाळतं तो हॉलचा इम्पल्स रिस्पॉन्स. साउंड इंजिनिअर फुगा फोडून तो रेकॉर्ड करतात आणि मग छोट्या स्टुडिओत गायलेल्या गाण्याचं त्याच्याशी कन्व्होल्यूशन करतात. गाणं त्या हॉलमध्येच गायल्यासारखं ऐकू येतं. गरब्याच्या मैदानावर पुढच्या स्पीकरचा आवाज 100 मीटर मागे पोचायला सुमारे 0.3 सेकंद लागतात. नुसत्या विलंबाची ही सिस्टिम, तिच्या पत्रिकेत 0.3 सेकंदांपाशी एकच खूण. मागच्या घेऱ्यातल्यांची टाळी चुकू नये म्हणून मागे लावलेल्या स्पीकरना मुद्दाम तेवढाच उशीर करून वाजवावं लागतं.

गणितातली आदर्श टाळी मात्र खरी वाजवता येत नाही. तिची रुंदी शून्य, उंची अमर्याद आणि तरी क्षेत्रफळ बरोबर 1. गणितज्ञ अशा वस्तूवर नाक मुरडत होते, पण पॉल डिरॅक यांनी ती बेधडक वापरली आणि डेल्टा फंक्शनला त्यांचंच नाव चिकटलं. थोर भौतिकशास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांची पहिली पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची होती, हे मी दरवर्षी वर्गात सांगते.

कॉजल आणि स्टेबल हे दोन शब्द इथेच उरकून टाकू. नदी उद्याच्या पावसाने आज चढत नाही, म्हणून ती कॉजल. वय उणे असलेला पाऊस मोजायचा नाही, एवढंच. आपली नदी स्टेबलही आहे: रोजचा पाऊस एका मर्यादेत असेल तर पातळी त्या मर्यादेच्या सहापटीबाहेर जात नाही, कारण 2 + 3 + 1 = 6. स्टेबल नसलेली सिस्टिम ऐकायची असेल तर माइक स्पीकरसमोर धरा. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत स्पीकरमध्ये. दर फेरीत आवाज 0.9 पट होत असेल तर दहा फेऱ्यांत तो पहिल्याच्या सुमारे एकतृतीयांश उरतो आणि विरून जातो. 1.1 पट होत असेल तर दहा फेऱ्यांत अडीचपटीहून जास्त आणि पुढे किंचाळी. फरक 0.9 आणि 1.1चा, परिणाम असा.

आता फ्रिक्वेन्सी. आपल्या नदीवर वेगळा पाऊस पाडू. रोज नियमाने 1 इंच. काही दिवसांनी नदी 6 फुटांवर स्थिर होते. आता दिवसाआड पाऊस: आज 1 इंच, उद्या शून्य, परवा 1. पावसाच्या दिवशी 1 × 2 + 0 × 3 + 1 × 1 = 3. कोरड्या दिवशी 0 × 2 + 1 × 3 + 0 × 1 = 3. पाऊस एवढा लहरी आणि नदी 3 फुटांवर ढिम्म!

काय झालं? दिवसाआडच्या पावसाचे दोन भाग करा. एक, रोज अर्धा इंच. दुसरा, त्यावरची डुगडुग: अधिक अर्धा, उणे अर्धा, अधिक अर्धा. उणे पाऊस आकाशातून पडत नाही, पण कागदावर चालतो. रोजच्या अर्ध्या इंचाचे अर्धा × 6 = 3 फूट. डुगडुगीला मिळतात अर्धा × (2 − 3 + 1), म्हणजे शून्य. या नदीने ती लय पार गिळून टाकली. अगदी संथ लयीला 6 पट, दिवसाआडच्या लयीला शून्य पट. मधल्या लयींना मधली वागणूक. पाऊस चार दिवसांच्या आवर्तनात, गुळगुळीत लाटेसारखा कमीजास्त होत असेल तर 3.16 पट, आणि लाट सुमारे 19 तास उशिराने. सगळ्या लयींसाठी असा 'किती पट आणि किती उशीर' तक्ता केला की तो झाला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. आपली नदी लो-पास फिल्टर निघाली: संथ ते जाऊ देते, चंचल ते दाबते. स्पीकरमधला बेस वेगळा काढणारं सर्किट हेच करतं.

पण सगळी मंडळी साइन लाटेच्याच, म्हणजे मघासारख्या गुळगुळीत लाटेच्याच मागे का लागतात? कारण नदी सिग्नलचं करते काय, तर त्याच्या उशिराने सरकवलेल्या प्रती घेते, त्यांना आकड्यांनी गुणते आणि बेरीज करते. साइन लाट सरकवली तरी त्याच फ्रिक्वेन्सीची साइन लाट राहते. गुणली तरी राहते. एकाच फ्रिक्वेन्सीच्या कितीही लाटा मिळवल्या तरी बेरीज त्याच फ्रिक्वेन्सीची साइन लाट. चौकोनी किंवा करवती लाट असं अंगाने टिकत नाही, तिचा आकार बिघडतो. म्हणून अवघड सिग्नल साइन लाटांत मोडायचा, प्रत्येकीला तक्त्यातला गुणक लावायचा आणि परत जोडायचं. कन्व्होल्यूशनची सगळी दगदग जाऊन साधा गुणाकार उरतो. मघाचा 'सहा चोक चोवीस' पडताळा म्हणजे हाच गुणाकार, शून्य फ्रिक्वेन्सीवर केलेला. फूरिए यांनी ही मोडणी 1807 साली मांडली, तीही वीज किंवा आवाजासाठी नव्हे, तर धातूत उष्णता कशी पसरते ते काढण्यासाठी. लाग्रांजसारख्यांना ती पटली नव्हती. फूरिए यांचा ग्रंथ छापून यायला 1822 उजाडलं.

या सगळ्यातून एक नियम हाती येतो: लिनिअर टाइम-इन्व्हेरियंट सिस्टिम नवी फ्रिक्वेन्सी जन्माला घालत नाही. आत जे नव्हतं ते बाहेर येणार नाही. आलं, तर समजा कुठेतरी अट मोडली आहे. मघाच्या फाटक्या स्पीकरचा आवाज कर्कश लागतो तो यामुळेच, छाटलेल्या शेंड्यांतून मूळ गाण्यात नसलेल्या फ्रिक्वेन्सी निघतात.

आमच्या घरी कोपऱ्यात मिरजेचा तानपुरा आहे. आजी गायची. भाचीला मी तो काढायला लावला. तारेच्या खाली, घोडीच्या पसरट उतारावर सुती दोरा असतो. तो मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकवला की अचानक एका जागी तार उघडते, झणझणते, वरचे स्वर एकामागून एक बाहेर येतात. हीच जवारी. दोरा काढून टाकला की तीच तार मुकी, ठोकळ्यासारखी वाजते. या वरच्या स्वरांना, मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट असणाऱ्यांना, हार्मोनिक म्हणतात. साध्या तारेचा नियम असा की जिथे छेडाल तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू पडतो तो हार्मोनिक निघायला नको. बरोबर मध्यावर छेडलं तर दुसरा नाही, चौथा नाही. तानपुऱ्यात मात्र ते ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 सालच्या निबंधात याकडे लक्ष वेधलं. कंप पावताना तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, त्यामुळे तिची मोकळी लांबी प्रत्येक हेलकाव्यात जराशी बदलते. लिनिअरची अट तिथे मोडते आणि जे छेडलं नाही तेही वाजतं. अँप्लिफायर बनवणारे या प्रकाराला डिस्टॉर्शन म्हणतात आणि तो काढण्यासाठी जिवाचा आटापिटा करतात. तानपुरा बनवणारा त्यासाठीच घोडी तासत बसतो.

रात्री उशिरा ग्रुपवर पाणी उतरत असल्याचा आकडा आला. भाची वहीत 2, 3, 1शीच खेळत बसली होती. म्हणाली, "मावशी, उलटं करता येईल? नदीची पातळी देते, पाऊस किती पडला ते तू काढ."

बहुतेक वेळा येतं, मी म्हटलं. त्याला डीकन्व्होल्यूशन म्हणतात. 2, 9, 10, 3 आणि पत्रिका हातात असेल तर पहिल्या दिवसापासून एकेक वजा करत 1, 3 परत मिळतात, 3003 ला 231 ने भागल्यासारखे. पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी तेवढ्या हव्यात.

"आणि नोंद मधूनच सुरू झाली असेल तर? नदी रोज 3 फूट, एवढंच दिलंय."

मी पेन्सिल उचलली आणि थांबले. रोज अर्धा इंच पाऊस पडला तरी नदी 3 फूट. दिवसाआड एक इंच पडला तरीही 3 फूट. दिवसाआडची लय नदीने शून्याने गुणून टाकली होती, आणि शून्याला कशाने भागून ती परत आणणार?

"म्हणजे पाऊस दोन, नदी एकच," भाची म्हणाली, आणि वहीत त्या 3 भोवती तिने गोल काढला.